भौतिकशास्त्र स्लोव्हेनियनमध्ये नेताना ‘फ्रान’ किती साथ देते?

इंग्रजीतला भौतिकशास्त्राचा मजकूर स्लोव्हेनियन भाषेत नेण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, कोणीही सर्वप्रथम ‘फ्रान’चे नाव सांगते. स्लोव्हेनियन विज्ञान व कला अकादमीच्या संशोधन केंद्रात भाषाशास्त्रज्ञ फ्रान रामोव्श यांच्या नावाची स्लोव्हेनियन भाषेची संस्था आहे. या संस्थेने आपले कोश २०१४ मध्ये एका संकेतस्थळावर एकत्र आणले आणि सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, तेच हे फ्रान. त्याच संस्थेच्या परिभाषा विभागाचे ‘तेर्मिनोलोगिश्चे’ नावाचे दुसरे दालन असून तेथे पारिभाषिक कोशांबरोबरच परिभाषेविषयी सल्लाही मिळतो. दोन्ही दालनांचा वापर मी भौतिकशास्त्राच्या मजकुरासाठी करत आलो आहे आणि हे परीक्षण तेवढ्या एका उपयोगापुरतेच आहे. साहित्याचा अनुवादक किंवा भाषेच्या इतिहासाचा अभ्यासक या दालनांविषयी वेगळे बोलेल. माझे मत असे, की फ्रानला भौतिकशास्त्राचा इंग्रजी-स्लोव्हेनियन कोश समजून वापरले तर फसगत ठरलेली आहे. परंतु शब्द हाती आल्यावर तो वाक्यात नीट बसवण्यासाठी, आणि शब्दच नसेल तेव्हा जाणत्यांना विचारण्यासाठी, इतकी चांगली सोय फार थोड्या भाषांच्या वाट्याला आलेली आहे.

अशा दालनाची गरज कोणाला पडते, हेही आधी सांगितले पाहिजे, कारण स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख आहे आणि तेथील भौतिकशास्त्रज्ञ आपले शोधनिबंध इंग्रजीतच लिहितात. तरीही विद्यापीठातील अध्यापनाची भाषा कायद्याने स्लोव्हेनियन आहे आणि सार्वजनिक व्यवहारातील तिच्या वापरासाठी २००४ पासून वेगळा कायदाही आहे. ल्युब्ल्याना विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध इंग्रजीत लिहिण्याची मुभा मिळू शकते, मात्र त्यासोबत स्लोव्हेनियनमध्ये विस्तृत सारांश जोडावा लागतो. म्हणजे पुण्याहून किंवा कोल्हापूरहून तेथे गेलेल्या संशोधकालाही शेवटच्या टप्प्यावर, स्थानिक सहकाऱ्याच्या मदतीने का होईना, आपल्या विषयातील एकेक संज्ञा स्लोव्हेनियनमध्ये उभी करावीच लागते. अशा सारांशांच्या निमित्ताने या दालनांशी माझा संबंध आला.

फ्रानची मूळ कल्पना साधी आहे. शोधाच्या चौकटीत एक शब्द टाकला, की तो ज्या ज्या कोशात आला असेल त्या सर्व कोशांतील नोंदी एकाखाली एक दिसतात. त्यांत एसएसकेजे या संक्षेपाने ओळखला जाणारा प्रमाणभाषेचा बृहत्कोश असतो, ज्याचे पाच खंड १९७० ते १९९१ या काळात निघाले आणि ज्याची सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये आली. शुद्धलेखनाचा २००१ चा कोश असतो, मार्को स्नोय यांचा व्युत्पत्तिकोश असतो, माक्स प्लेतेर्श्निक यांचा १८९४-९५ चा स्लोव्हेनियन-जर्मन कोश असतो, आणि भूगोल, भूविज्ञान, औषधनिर्माण, रंगभूमी, मधमाशीपालन, स्वयंचलन अशा विषयांचे पारिभाषिक कोश असतात. ही यादी वाचतानाच लक्षात येते, की भौतिकशास्त्राचा विद्यार्थी येथे पाहुणा आहे. त्याचे शब्द त्याला बहुतांशी सामान्य कोशातच शोधावे लागतात, आणि तेथे नोंदीच्या पोटात ‘फिझ.’ अशी बारीक खूण दिसली की हा अर्थ भौतिकशास्त्रातला, एवढे कळते.

या बारीक खुणेचे मोल मात्र कमी लेखू नये. दाबासाठी स्लोव्हेनियनमध्ये ‘त्लाक’ आणि ‘प्रितिस्क’ असे दोन शब्द आहेत. हवेचा दाब, वायूचा दाब, रक्तदाब हे सगळे त्लाक. तर हाताने दिलेला, वरिष्ठाने आणलेला किंवा परिस्थितीचा दाब तो प्रितिस्क. शिवाय फरसबंदीलाही त्लाकच म्हणतात, पण तो वेगळा शब्द. मराठीत आपण ‘दाब’ आणि ‘दबाव’ यांत जो फरक न शिकवता पाळतो, तोच तेथे पाळला जातो, पण परक्या माणसाला तो कोणीतरी दाखवावा लागतो आणि ते काम फ्रान उत्तम करते. ‘उपोर’ म्हणजे रोध, मग तो तारेतील विद्युतप्रवाहाला असो की हवेत पडणाऱ्या गोळ्याला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बंड. त्यावरून झालेला ‘उपोर्निक’ हा शब्द विद्युतमंडलात रोधक असतो आणि इतिहासाच्या पुस्तकात बंडखोर. ‘नाबोय’ म्हणजे विद्युतप्रभार, तसेच बंदुकीचे काडतूस. ‘नापेतोस्त’ याहून अवघड आहे: विद्युतदाबाला तोच शब्द, घन पदार्थातील प्रतिबलाला तोच, द्रवाच्या पृष्ठताणातही तोच, आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकात प्रेक्षक ज्या ताणाखाली असतो त्यालाही तोच. अशा ठिकाणी इंग्रजीकडून स्लोव्हेनियनकडे जाणाऱ्याला शब्द एकच मिळतो हे सोपे वाटते, परंतु विद्युतदाब आणि यांत्रिक ताण दोन्ही एकाच परिच्छेदात येणार असतील तर विशेषण जोडल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्याला नोंदीतील उदाहरणे वाचल्यावरच उमजते.

आता जेथे फ्रान कमी पडते तेथे येऊ. यामिकीतील पहिल्याच अवघड संज्ञेपाशी, म्हणजे संवेगापाशी, परीक्षा होते. स्लोव्हेनियनमध्ये संवेगाला ‘गिबाल्ना कोलिचीना’ म्हणतात, शब्दशः ‘गतीची राशी’, आणि कोनीय संवेगाला ‘वृतील्ना कोलिचीना’, म्हणजे ‘फिरण्याची राशी’. न्यूटनच्या काळातील लॅटिन संज्ञेचा आणि जर्मन संज्ञेचा धागा या रचनेत स्पष्ट दिसतो. मराठीत आपण ‘संवेग’ या मूळ शब्दाला ‘कोनीय’ हे विशेषण लावून मोकळे होतो, इंग्रजीतही तसेच. स्लोव्हेनियनमध्ये ‘कोन’ या अर्थाचे विशेषण कोनीय वेगाला लागते, कोनीय संवेगाला मात्र लागत नाही. त्यामुळे इंग्रजी जोडशब्द तुकड्यातुकड्याने बदलणारा माणूस, किंवा यंत्र, हमखास असा काहीतरी शब्द तयार करतो की जो वाचून स्लोव्हेनियन भौतिकशास्त्रज्ञाला परिबलाची आठवण व्हावी, कारण ‘मोमेंत’ हा शब्द तेथे परिबलाच्या कुळातला आहे. या परिबलासाठी ‘नावोर’ हा सुटसुटीत शब्दही आहे. ज्याला ‘गिबाल्ना कोलिचीना’ आधीच ठाऊक आहे त्याला फ्रान तिचा अर्थ सांगेल, तिची विभक्तिरूपे सांगेल. पण इंग्रजी संज्ञा हातात धरून आलेल्याला तेथपर्यंत नेणारी वाट सामान्य कोशात नाही, कारण तो एकभाषिक कोश आहे आणि तसाच तो असायला हवा. हा दोष कोशाचा नाही. आपण चुकीच्या दारावर थाप मारतो एवढेच.

वेगाचीही एक गंमत आहे. मराठी शाळेत ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतील फरक परीक्षेचा हुकमी प्रश्न असतो. स्लोव्हेनियनमध्ये दोहोंना ‘हित्रोस्त’. सदिशाचे केवळ मूल्य अभिप्रेत असेल तेथे ‘हित्रोस्तचे परिमाण’ अशा अर्थाची शब्दयोजना करावी लागते आणि बहुतेक ठिकाणी संदर्भावर भिस्त ठेवून ती टाळलीही जाते. उलट इंग्रजीत आणि सैल मराठीत एकमेकांत मिसळणारी बल, शक्ती आणि तीव्रता ही मंडळी तेथे वेगवेगळ्या घरांत राहतात. बल म्हणजे ‘सीला’, शक्ती म्हणजे ‘मोच’, क्षेत्राची तीव्रता म्हणजे ‘याकोस्त’. लेसरची मोच असते, विद्युतक्षेत्राची याकोस्त असते, आणि अणुकेंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाला पुन्हा ‘मोच’वरूनच झालेले विशेषण लागते. ही वाटणी फ्रानवरील उदाहरणवाक्ये वाचून बऱ्यापैकी अंगवळणी पडते. व्याख्यांवरून पडत नाही. सामान्य कोशातील भौतिकशास्त्रीय व्याख्या सुशिक्षित वाचकासाठी लिहिलेल्या असतात. संशोधकाला त्या तोकड्या वाटणारच.

परिणाम या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे नवशिक्या अनुवादकाची परीक्षा लगेच होते. डॉप्लर, हॉल, रामन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामांना स्लोव्हेनियन भौतिकशास्त्र ‘पोयाव’ म्हणते, म्हणजे ‘घटित’ किंवा ‘आविष्कार’. कार्यकारणातील परिणामाला ‘उचीनेक’ असा वेगळा शब्द आहे, आणि हरितगृह परिणामाच्या संज्ञेत तोच वापरतात: ‘उचीनेक तोप्ले ग्रेदे’. येथे हरितगृहाच्या जागी ‘तोप्ला ग्रेदा’, म्हणजे रोपे वाढवण्याचा उबदार वाफा, आलेला आहे. एका इंग्रजी शब्दाला दोन प्रतिशब्द, आणि कोणता कोठे याचा नियम म्हणाल तर रूढी. फ्रानवर दोन्ही शब्दांच्या नोंदी आहेत, जोडशब्दांची उदाहरणेही आहेत. तुलना मात्र आपली आपणच करावी लागते.

शास्त्रज्ञांच्या नावांपासून विशेषणे घडवताना शुद्धलेखन कोशाला पर्याय नाही. स्लोव्हेनियनमध्ये ‘न्यूटनचा नियम’ म्हणताना नावालाच स्वामित्वदर्शक प्रत्यय लागतो आणि ते विशेषण नामाच्या लिंग, वचन व विभक्तीप्रमाणे चालते. ‘र’ने संपणाऱ्या पुष्कळ परकीय नावांत प्रत्ययाआधी ‘य’ येतो. म्हणून डॉप्लरचे ‘दोप्लेर्येव पोयाव’ होते आणि आपल्या चंद्रशेखर यांची मर्यादा ‘चंद्रशेखर्येवा मेया’ होते, तिचे सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीतील सुमारे १.४ हे मूल्य लिहिताना दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो तो वेगळाच. रामन यांच्या १९२८ च्या शोधावर आधारलेल्या वर्णपटशास्त्राला नावावरून सरळ केलेले स्वामित्वदर्शक विशेषण लावणारेही आहेत आणि ‘रामान्स्का’ असे संबंधदर्शक विशेषण लावणारेही. एका सारांशात दोन्ही येऊ देऊ नयेत, हा साधा संपादकीय विवेक. शुद्धलेखनाच्या नव्या नियमावलीची प्रकरणेही फ्रानवर टप्प्याटप्प्याने येत आहेत, त्यामुळे जुना नियम आणि नवा मसुदा शेजारीशेजारी पाहता येतात. नावे चालवण्याच्या बाबतीत या दालनाला मी निःसंकोच पूर्ण गुण देईन.

द्विवचनाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. संस्कृतात होते आणि मराठीत उरले नाही ते द्विवचन स्लोव्हेनियनमध्ये आजही घराघरांत बोलले जाते. दोन कणांना ‘द्वा देल्त्सा’, तीन कणांना ‘त्रिये देल्त्सी’, आणि पाचपासून पुढे षष्ठीचे बहुवचन घेऊन ‘पेत देल्त्सेव’. दोन वस्तूंमधील आकर्षण, दोन फोटॉनांचे परस्परगुंतलेपण, दोन झिरींचा प्रयोग: भौतिकशास्त्रात जोडीने येणाऱ्या गोष्टींची काय कमी आहे? इंग्रजी मूळ मजकुरात हे सारे अनेकवचनाखाली झाकलेले असते, आणि अनुवादकाला प्रत्येक वाक्यापाशी थांबून मोजावे लागते की लेखकाच्या मनात दोनच कण आहेत की अधिक. कोश द्विवचनाचा प्रत्यय सांगू शकतो, मोजणी करू शकत नाही. सारांश तपासताना सर्वाधिक लाल खुणा येथेच पडतात.

व्युत्पत्तिकोश अनुवादाच्या कामाला फारसा लागत नाही, पण मराठी वाचकाने तो उघडल्याशिवाय राहू नये. स्नोय यांच्या नोंदींत संस्कृतातील सजातीय शब्द जागोजागी दिलेले असतात. ‘वृतील्ना कोलिचीना’मधले फिरणे हे आपल्या ‘वर्तते’, ‘वर्तुळ’ यांच्या मूळ धातूशी नाते सांगते. प्रकाशाला ‘स्वेत्लोबा’ म्हणतात, त्यातला पहिला अंश ‘श्वेत’चा सख्खा भाऊ. उष्णतेला ‘तोप्लोता’ म्हणतात, तिचे मूळ ‘तप्’ धातूच्या घराण्यातले. मात्र नाते कळले म्हणून अर्थ कळला असे होत नाही: आपल्याकडे ‘ताप’वरून ‘तापमान’ झाले, तेथे ‘तोप्लोता’ म्हणजे उष्णता, आणि तापमानाला ‘तेम्पेरातूरा’ असा आंतरराष्ट्रीय शब्द आहे. उष्मागतिकीच्या मजकुरात या दोहोंची अदलाबदल झाली तर शब्दाची नव्हे, भौतिकशास्त्राची चूक होते.

पारिभाषिक कोशांपैकी भौतिकशास्त्रज्ञाच्या सर्वांत जवळचा म्हणजे स्वयंचलनाचा कोश. त्यात व्याख्येबरोबर इंग्रजी प्रतिशब्द दिलेले असल्याने येथे इंग्रजीकडूनही शिरता येते, आणि फ्रानचा उणेपणा निदान या एका कोपऱ्यात भरून निघतो. प्रयोगशाळेत उपकरणे जोडणाऱ्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. नियंत्रण या अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाच्या जागी स्लोव्हेनियन अभियंते तीन शब्द वापरतात: सर्वसाधारण नियंत्रण ते ‘वोदेन्ये’, प्रतिभरणासह, म्हणजे झालेला परिणाम मोजून त्यानुसार सुधारणा करत, चालणारे बंद साखळीचे ते ‘रेगुलात्सिया’, आणि प्रतिभरणाविना चालणारे ते ‘कर्मील्येन्ये’. लेसरचे तापमान स्थिर ठेवणाऱ्या मंडलाचे वर्णन करताना यांपैकी कोणता शब्द घ्यायचा, हे केवळ शब्दाचे नव्हे तर मंडलाचे ज्ञान असल्याशिवाय ठरत नाही, आणि नोंदींतील व्याख्या इतक्या काटेकोर आहेत की त्या वाचून आपल्याच मंडलाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. भौतिकशास्त्राच्या इतर शाखांसाठी असे काही असते तर हे परीक्षण पुष्कळ आखूड झाले असते. भूगोल आणि भूविज्ञान या विषयांच्या कोशांकडे मी क्वचितच वळतो, पण ‘पोल्ये’ हा शब्द शोधताना एक योगायोग नजरेत भरला. विद्युतक्षेत्रातले ‘क्षेत्र’ ते पोल्ये, शेतही पोल्ये, आणि चुनखडीच्या प्रदेशातील विस्तीर्ण सपाट खोलगट भागालाही पोल्येच. या शेवटच्या अर्थाने हा शब्द जगभरच्या भूरूपशास्त्रात जसाच्या तसा वापरला जातो. ‘कार्स्ट’ हे नावसुद्धा स्लोव्हेनियातील क्रास या प्रदेशावरूनच आलेले आहे. त्या एका शास्त्रात अनुवादाची डोकेदुखी इतरांच्या वाट्याला गेली.

तेर्मिनोलोगिश्चेवरील सल्लासेवा ही मात्र या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ज्याला एखाद्या संकल्पनेसाठी शब्द सापडत नाही, किंवा सापडलेल्या दोन-तीन शब्दांपैकी कोणता घ्यावा हे ठरत नाही, त्याने प्रश्न लिहून पाठवायचा. प्रश्नासोबत संकल्पनेचा अर्थ, विषयक्षेत्र, इतर भाषांतील प्रतिशब्द आणि स्वतःला सुचलेले पर्याय द्यायचे. परिभाषा विभागातील अभ्यासक तज्ज्ञ लेखनातील प्रत्यक्ष वापर तपासतात, गरज असेल तेथे त्या विषयाच्या जाणकारांशी बोलतात आणि कारणांसह उत्तर देतात. हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे नंतर संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात.

उत्तरांमागे काही ठरलेली तत्त्वे आहेत आणि ती लपवलेली नाहीत. तज्ज्ञांमध्ये शब्द आधीच रुळलेला असेल तर तो उगीच उखडू नये. दोन शब्द सारखेच योग्य असतील तर आटोपशीर शब्द बरा. आणि शब्द कोणताही असो, तो स्लोव्हेनियनच्या घडणीत बसला पाहिजे. या तिसऱ्या तत्त्वाची किंमत भौतिकशास्त्रात फार लवकर कळते. इंग्रजी शोधनिबंधात नामापुढे नाम ठेवून लांबच लांब माळ ओवलेली असते. मराठीला समासाची सवय असल्याने आपल्याला ती फारशी खुपत नाही. स्लोव्हेनियन तशी माळ स्वीकारत नाही. उच्च तापमानाच्या अतिवाहकांचे पातळ थर म्हणायचे असेल तर मुख्य नाम आधी, मग षष्ठीचे बहुवचन, आणि मधे जुळणारी विशेषणे अशी उलट मांडणी करावी लागते: ‘तान्के प्लास्ती विसोकोतेम्पेरातुर्निह सुपेर्प्रेवोद्निकोव’. ज्यांनी सल्लासेवेची काही उत्तरे लक्षपूर्वक वाचली आहेत, त्यांना अशी उलटापालट करण्याची दृष्टी आपोआप येते, आणि मग पुढचे पन्नास शब्द विचारावे लागत नाहीत. मला तर तिचा खरा उपयोग हाच वाटतो.

रुळलेल्या शब्दाला मान देण्याचे तत्त्व काही शुद्धतावाद्यांना पचत नाही, हेही खरे. संवेदकाला ‘तीपालो’ असा चाचपण्याच्या क्रियेवरून घडलेला देशी शब्द आहे आणि ‘सेंझोर’ असा आंतरराष्ट्रीय शब्दही आहे, दोन्ही चालतात. विश्वाच्या महास्फोटाला ‘वेलिकी पोक’ म्हणतात, तसेच ‘प्रापोक’, म्हणजे ‘आदिस्फोट’, असा एकसंध शब्दही वापरतात. मला प्रापोक अधिक आवडतो, कारण तो एक शब्द आहे आणि त्याची विशेषणे सहज होतात. पण आवड ही संज्ञा ठरवण्याची कसोटी नव्हे, ही सल्लागारांची भूमिका मला पटते. जेथे भौतिकशास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही तेथे भाषातज्ज्ञांनी हुकूम सोडण्यापेक्षा सहमतीची वाट पाहावी, यात शहाणपण आहे.

या सेवेच्या मर्यादा तिच्या स्वरूपातूनच येतात. उत्तर माणसे देतात, म्हणून वेळ लागतो. उद्याच्या व्याख्यानासाठी आज विचारून उपयोग नाही. उत्तरांचा साठा विचारणाऱ्यांच्या गरजांवर वाढतो, त्यामुळे एखाद्या तांत्रिक उपशाखेतील बारीकसारीक संज्ञांची चर्चा सापडते आणि पुंजयामिकीतील नेहमीच्या शब्दाची सापडत नाही. आणि सगळे विवेचन स्लोव्हेनियनमध्येच असल्याने ती भाषा वाचता न येणाऱ्या परदेशी संशोधकाला येथे एकट्याने फिरता येत नाही.

मग इंग्रजीकडून येणाऱ्याने शब्द शोधायचे कोठे? माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची जागा म्हणजे ल्युब्ल्याना विद्यापीठाचे प्रबंधांचे भांडार. तेथील प्रबंधांना स्लोव्हेनियन व इंग्रजी असे दोन्ही सारांश असतात, आणि एकाच विषयावरचे चार सारांश शेजारी ठेवले की त्या गटात कोणती संज्ञा कशी म्हणतात ते उघड होते. पुंजगुंतणुकीला ‘प्रेप्लेतेनोस्त’ म्हणजे ‘विणले गेलेपण’, कृष्णद्रव्याला ‘तेम्ना स्नोव’, कृष्णविवराला ‘चेर्ना लुक्न्या’, अर्धवाहकाला ‘पोल्प्रेवोद्निक’ हे शब्द अशा वाचनातून कोशापेक्षा लवकर पक्के होतात. मूलभूत यामिकी, उष्णता, प्रकाश यांसाठी इव्हान कुश्चेर आणि यानेझ स्त्रनाद यांच्या पिढीने लिहिलेली पाठ्यपुस्तके आजही प्रमाण मानावीत अशी आहेत, आणि गणित-भौतिकशास्त्र-खगोलशास्त्र मंडळाचे ‘ओब्झोर्निक’ हे १९५१ पासून निघणारे नियतकालिक चाळले तर पाठ्यपुस्तकांनंतरच्या संज्ञाही भेटतात. युरोपीय संघाचे परिभाषा भांडार कायदा व प्रशासनासाठी उत्तम आहे. भौतिकशास्त्रासाठी तेथे जाण्यात फारसा अर्थ नाही.

या पाठ्यपुस्तकांच्याही मागे एक जुनी फळी उभी आहे. मातेय त्सिगाले यांनी १८८० मध्ये माध्यमिक शाळांसाठी शास्त्रीय परिभाषेचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा तेथील शास्त्रशिक्षणावर जर्मनचा अंमल होता. स्लोव्हेनियन विद्यापीठ निघायला १९१९ साल उजाडावे लागले. किरणोत्सर्जनाच्या ज्या नियमाला आपण स्टीफन-बोल्ट्झमन यांच्या नावाने ओळखतो, त्यातील योझेफ स्टीफन हा स्लोव्हेन माणूस होता, तरुणपणी त्याने स्लोव्हेनियनमध्ये कविता लिहिल्या, पण १८७९ चा तो नियम त्याने व्हिएन्नात बसून जर्मनमध्येच मांडला. प्लेतेर्श्निकच्या कोशातील अनेक नोंदींपुढे त्सिगालेच्या संग्रहाचा निर्देश असतो, आणि फ्रानवर तो कोश असल्यामुळे एखादी संज्ञा शतकाहून अधिक काळ टिकून आहे की मधेच कोणी बदलली, हे दोन क्षणांत पाहता येते. अनुवादकाला याचा उपयोग आहे: जुनी संज्ञा मागे पडली असेल तर तिला पुन्हा उठवू नये, एवढे तरी कळते.

मराठीशी तुलना टाळता येत नाही. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश आपल्याकडे उपलब्ध आहे. इंग्रजी शब्द हातात घेऊन आलेल्याला थेट प्रतिशब्द देण्याच्या बाबतीत तो फ्रानपेक्षा सरस आहे, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. पण तो इंग्रजी संज्ञेपुढे मराठी संज्ञा ठेवतो आणि थांबतो. हाच शब्द का, दुसरा का नाही, तो कोण वापरतो, याची चर्चा नोंदीत नसते. स्लोव्हेनियन बाजूला यादी तोकडी आहे आणि चर्चा भरघोस आहे. दोन्ही एकत्र असते तर काय बहार झाली असती, असे वाटते खरे. पण परीक्षण जे आहे त्याचे करायचे असते.

तेव्हा ज्याला सारांश लिहायचा आहे त्याला माझी शिफारस अशी. संज्ञा आधी प्रबंधांच्या भांडारात शोधाव्यात, मग फ्रानवर त्यांची रूपे आणि आघात पाहावेत, कारण स्लोव्हेनियनमध्ये शब्दातील आघाताची जागा ठरलेली नसते आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ते शब्द उच्चारायचेही असतात. व्यक्तिनामांवरून झालेली विशेषणे शुद्धलेखन कोशाशी ताडून घ्यावीत. एवढे करून ज्या दोन-चार संज्ञा अडून राहतील, त्या सल्लासेवेकडे सादर करण्याच्या तारखेच्या पुष्कळ आधी पाठवाव्यात, आणि पाठवताना इंग्रजी शब्द एकटा न पाठवता त्याची व्याख्या व त्याच्या शेजारच्या संज्ञाही द्याव्यात. आलेले उत्तर मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय सारांशात घालू नये, कारण परीक्षकांच्या समितीत कोशकार नसतात, भौतिकशास्त्रज्ञ असतात.